इनडोअर सायकलिंग प्रशिक्षकांचा तीन दिवसांचा अभ्यासक्रम: आशय उत्तम, सराव चार मिनिटांचा

तीन दिवस, एकूण एकवीस तास आणि शुल्क साडेचौदा हजार रुपये. या सगळ्यात मला वर्गापुढे बसून प्रत्यक्ष शिकवायला मिळाली ती मिनिटे चार. तक्रारीने सुरुवात करणे मला आवडत नाही, आणि पुढे वाचल्यावर लक्षात येईल की या अभ्यासक्रमाकडून मी बरेच काही घेऊन आले आहे. पण शिकवायला शिकवणारा अभ्यासक्रम जोखायचा तर शिकणाऱ्याला किती वेळा शिकवू दिले, हाच पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि म्हणून हा आकडा आधी सांगितला.

एका जागी स्थिर सायकलींवर, गाण्याच्या तालावर चालणारे सामूहिक वर्ग घ्यायला शिकवणारा हा अभ्यासक्रम बडोद्यातच, जुन्या पादरा रस्त्यावरच्या एका स्टुडिओत झाला. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप माणसांवर नसून आखणीवर आहे. आम्ही अकरा प्रशिक्षणार्थी होतो, सायकली चौदा होत्या आणि शिकवणारे दोघे: पुण्याहून आलेल्या, अनुभवाने ज्येष्ठ अशा एक बाई आणि इथलाच एक तरुण गुजराती प्रशिक्षक. मी स्वतः बावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद खोलीतल्या सायकलीवर बसले आणि चार वर्षे टिकले. आता आमच्या वस्तीतल्या जिमच्या मालकांनी सकाळची महिलांची बॅच घेण्याविषयी विचारले, तेव्हा प्रमाणपत्राशिवाय हात घालायचा नाही असे ठरवून या अभ्यासक्रमाला नाव नोंदवले.

पहिला सकाळचा भाग निव्वळ सायकलीचा होता आणि तो मी पाहिलेल्या कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या तोडीचा होता. तरुण प्रशिक्षकाने कोणालाही सायकलीवर बसू दिले नाही. त्याने एका रिकाम्या सायकलीचे पेडल हाताने जोरात फिरवून सोडले, सगळ्यांना दोन पावले मागे उभे केले आणि ते थांबेपर्यंत आकडे मोजायला लावले. या सायकलींचे पुढचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, अठरा किलोच्या आसपास असते आणि ते पेडलाला घट्ट जोडलेले असते; रस्त्यावरच्या सायकलीसारखी पाय थांबवून चाक फिरू देण्याची सोय त्यात नसते. पाय थांबवायचा म्हटला तरी चाक त्याला ओढत राहते. नवखा माणूस दमला की नेमकी पाय थांबवण्याचीच धडपड करतो, आणि मग गुडघा किंवा पोटरी दुखावते. म्हणून सुरुवात कशी करायची याआधी थांबायचे कसे ते शिकवायचे: लोडची, म्हणजे पेडल जड-हलके करणारी, गुंडी सरळ खाली दाबायची, चाक पूर्ण थांबल्यावरच पाय पट्ट्यातून काढायचा. त्याने आमच्यापैकी प्रत्येकाकडून हे तीन तीनदा करून घेतले. ओढणी, सैल नाडी आणि बुटाची लोंबणारी लेस यांवरही तो बोलला, आणि महिलांची बॅच घेणार असल्यामुळे मला ते विशेष उपयोगाचे वाटले. बडोद्यात सकाळी सहाच्या बॅचला पंजाबी ड्रेसवर येणाऱ्या गृहिणींची संख्या कमी नाही, आणि त्यांना पहिल्याच दिवशी कपड्यांवरून संकोचात न टाकता ओढणी बाजूला ठेवायला कसे सांगावे, हेही एक कौशल्यच आहे.

त्यानंतर सायकल प्रत्येकाच्या मापाला लावण्याचा भाग आला. तो दोन तास चालला, आणि मला विचाराल तर शुल्काचा निम्मा मोबदला तिथेच वसूल झाला. आमच्या जोड्या केल्या गेल्या. सायकलीच्या शेजारी उभे राहून कमरेचे हाड हाताने चाचपायचे आणि सीट त्या उंचीला आणायची. ही झाली सुरुवात. मग बसून एक पेडल अगदी खाली न्यायचे आणि पाऊल सपाट ठेवून गुडघा किती वाकतो ते बाजूने पाहायचे. हा वाक साधारण २५ ते ३५ अंशांचा हवा. पाय पूर्ण ताठ होत असेल तर सीट उंच झाली, कारण मग कंबर प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डोलू लागते. वाक फार असेल तर सीट खाली राहिली, आणि त्याचा सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. पुढे-मागे सरकवण्यासाठी दोन्ही पेडल आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याची वाटी पेडलाच्या आसाच्या वर येते का ते पाहायचे. बाईंनी इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली, की ही गुडघा-आसाची ओळंब्याची रेषा म्हणजे काही शरीरशास्त्राचा नियम नव्हे; सुरुवात करायला ती एक सोयीची खूण आहे, पुढे माणसाला कुठे दुखते यावरून बदल करायचा. हँडल नवख्यांसाठी सीटच्या पातळीला किंवा थोडे वर ठेवायचे, म्हणजे पाठीवर आणि मनगटावर भार येत नाही.

माझी जोडीदार होती एक फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. तिने माझा गुडघा बाजूने पाहिला आणि निःसंकोचपणे म्हणाली, "काकू, तुमची सीट दोन खाचा खाली आहे." चार वर्षे मी त्याच उंचीवर बसत होते, तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली! त्यांपैकी एकानेही कधी स्वतःच्या सायकलीवरून उतरून माझ्याजवळ येऊन पाहिले नव्हते. गुडघ्यासाठी सायकल धरली आणि सायकलीनेच गुडघा दुखत राहिला, हे मला त्या क्षणी कळले. त्या तीन दिवसांत बाईंनी वारंवार सांगितलेले एक वाक्य म्हणूनच माझ्या मनात रुतले: प्रशिक्षकाची सायकल ही त्याच्या व्यायामासाठी नसते, वर्गाला दाखवण्यासाठी असते, दाखवून झाले की उतरा.

दुपारचे सत्र हालचाली आणि वेग यांचे होते. इथे थोडा इतिहास आला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जॉनी गोल्डबर्ग या सायकलपटूने १९८० च्या दशकात अमेरिकेत, लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घरात सराव करताना, अशा सायकलीची आणि तिच्यावरच्या सामूहिक वर्गाची कल्पना आकाराला आणली. 'स्पिनिंग' हे नाव त्याच परंपरेतल्या कंपनीचे नोंदणीकृत नाव आहे, त्यामुळे इतरांनी आपल्या वर्गाला इनडोअर सायकलिंग म्हणावे हे बरे. गंमत अशी की ज्या संस्थेने हे सांगितले तिच्याच माहितीपत्रकावर तो शब्द चार ठिकाणी छापलेला होता. त्याविषयी विचारल्यावर तरुण प्रशिक्षक हसला आणि बाईंनी विषय पुढे नेला.

वेगाविषयी मात्र चोख शिकवले. सपाट रस्त्याचा भास द्यायचा तेव्हा मिनिटाला ८० ते ११० फेरे, चढणीचा द्यायचा तेव्हा ६० ते ८०. त्याहून कमी वेगात जास्त लोड लावला तर गुडघ्यावर ताण, आणि त्याहून जास्त वेगात लोड नसेल तर चाकच माणसाला फिरवते, माणूस चाकाला नाही. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वर्गात सर्वांत जोरात पाय फिरवणारा माणूस बहुतेक वेळा सर्वांत कमी काम करत असतो, आणि सीटवर तो उडत असतो यावरून ते ओळखता येते. सायकलीवर हात सोडणे, उलटे पेडल मारणे, डंबेल्स उचलणे, हँडलवर जोर काढणे हे सगळे प्रकार का टाळायचे, हेही त्यांनी कारणांसह समजावले: चाक फिरते आहे तोवर धड स्थिर राहिले पाहिजे, आणि एका किलोच्या डंबेलने हाताला जो काही व्यायाम होतो तो सायकलीवरून उतरून, पाय जमिनीला लावून अधिक चांगला होतो. वर्गातल्या एका मुलाने विचारले की रील्समध्ये तर सगळे हेच करताना दिसतात, लोकांना तेच हवे असते. बाईंचे उत्तर मला पटले: लोकांना घाम आणि गाणे हवे असते, ते द्या, हँडलवरचे जोर त्यांनी मागितलेले नसतात, ते प्रशिक्षकाने आणलेले असतात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हृदयाच्या ठोक्यांची होती. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात ते सांगणारे २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. त्याच्या शेजारी २००१ साली पुढे आलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र फळ्यावर मांडून दोन्हींतला फरक आम्हालाच काढायला लावला. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८० वरच येतात. साठीत पहिले १६० सांगते आणि दुसरे १६६. म्हणजे ज्येष्ठ माणसाला जुने सूत्र उगाच मागे धरते आणि तिशीतल्याला तेच सूत्र थोडे पुढे ढकलते. शिवाय दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके तर औषधानेच दाबलेले असतात, त्याला घड्याळातला आकडा दाखवून "अजून जोर लावा" म्हणणे धोक्याचे आहे. म्हणून श्रमाची जाणीव विचारावी. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने बनवलेली ६ ते २० ची श्रेणी त्यासाठीच आहे. तिचे विचित्र वाटणारे आकडे तरुण माणसाच्या मिनिटाला ६० ते २०० ठोक्यांवरून आले आहेत, हे मला पहिल्यांदाच कळले. वर्गात मात्र सोपी परीक्षा बोलण्याची. पूर्ण वाक्य आरामात बोलता येत असेल तर श्रम मध्यम, दोन-चार शब्दांनी दम लागत असेल तर जोराचे. आमच्यातल्या दांडिया बाजारच्या एका काकांनी यावर आपली सुधारणा सुचवली: सतराचा पाढा म्हणायला लावा, श्वासही कळेल आणि पाढाही.

इथवर सगळे उत्तम. मग जेवणाआधीचा पाऊण तास वाया गेला. पडद्यावर एक चित्र आले, ज्यात शिकणाऱ्यांचे पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि करून शिकणारे असे तीन प्रकार दाखवले होते. त्यापुढे एक प्रश्नावली भरून प्रत्येकाने आपला प्रकार ठरवायचा होता. बी. एड. झाल्यापासून मी हे चित्र किती प्रशिक्षणांत पाहिले असेल याची गणती नाही. पण माणसाला त्याच्या 'प्रकारा'नुसार शिकवले तर तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मधल्या आढाव्यात स्पष्ट मांडले आहे. सायकलीवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सगळेच एकाच वेळी पाहतात, ऐकतात आणि करतात. एकच सूचना तोंडाने सांगा, अंगाने दाखवा आणि शरीरात कुठे जाणवली पाहिजे ते सांगा, एवढे म्हटले असते तर तो मुद्दा पाच मिनिटांत संपला असता. उरलेली चाळीस मिनिटे कुठे वापरता आली असती ते पुढे येईलच.

दुपारी संगीत आले, आणि बडोद्यात हा अभ्यासक्रम घेण्याचा अर्थ मला त्या दुपारी लागला. नियम सोपा आहे: प्रत्येक ठोक्याला एक पाय, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांचे गाणे सत्तर फेऱ्यांच्या चढणीचे, १७० चे गाणे पंच्याऐंशी फेऱ्यांच्या सपाट रस्त्याचे. गाणी बहुधा आठाच्या पटीत चालतात आणि बत्तीस ठोक्यांना एक वाक्य पुरे होते, म्हणून बदल त्या वाक्याच्या आरंभी करायचा. हे सांगताना उदाहरणे सगळी इंग्रजी गाण्यांची होती. तेव्हा तरुण प्रशिक्षकाने स्वतःहून ढोल काढला. केरवा तालाची आठ मात्रांची चार आवर्तने म्हणजे तेच बत्तीस, हे त्याने वाजवून दाखवले. आणि गरब्याचा हिंच हा ताल, जो सहा मात्रांचा असल्यामुळे या हिशोबात बसत नाही असे आम्हाला वाटत होते, तो पहिल्या आणि चौथ्या मात्रेला पाय दिला की नेमका बसतो. मध्यम लयीतला गरबा चढणीला, द्रुत फेऱ्या सपाटीला. नवरात्रात नऊ रात्री ज्या शहराचे पाय या तालावर फिरतात त्या शहरातल्या वर्गाला ठोका मोजायला शिकवावा लागत नाही, फक्त त्यांना माहीत असलेला ठोका ओळखून द्यावा लागतो. पुण्याच्या बाई त्या वेळी मागच्या सायकलीवर बसून टिपणे घेत होत्या, हे मला फार आवडले.

गाण्यांच्या परवान्याविषयी दहा मिनिटे दिली गेली आणि ती पुरेशी होती. ॲपची वैयक्तिक सदस्यता व्यावसायिक वर्गात गाणी वाजवण्यासाठी नसते. आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडून जागेच्या चालकाने परवाना घ्यायचा असतो, आणि तो आहे का हे कामाला लागण्यापूर्वी विचारून घ्यावे. आवाजाबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही. माझ्या फोनमधल्या मापकाने त्या खोलीत ९७ डेसिबल दाखवले. फोनचे मापक काटेकोर नसते हे मान्य; पण कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला निम्मा वेळ अशी आहे, म्हणजे ९७ ला अर्धा तास. सहभागी माणूस दिवसातून एकदा येतो, प्रशिक्षक तीन वर्ग घेतो. त्याच्या कानांचा आणि संगीतावर ओरडून बसणाऱ्या घशाचा विचार प्रशिक्षणात हवाच होता.

तिसऱ्या दिवशीचे सूचना देण्यावरचे सत्र या अभ्यासक्रमाचा गाभा होते. बाईंनी दोन वाक्ये फळ्यावर लिहिली: 'मांडीचा मागचा स्नायू आवळा' आणि 'पेडल मागे ओढा'. मग वर्गाचे दोन भाग करून प्रत्येकाला एकेक वाक्य दिले आणि पाय पाहायला सांगितले. लक्ष शरीराच्या भागावर न ठेवता हालचालीच्या परिणामावर ठेवले तर हालचाल अधिक सहज होते, हे हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या संशोधनात वारंवार दिसून आले आहे, आणि त्या दोन गटांच्या पायांत ते आम्हाला दिसलेही. त्यानंतर प्रत्येकाने आपली सूचना बनवायची होती. बहुतेकांनी बुटाचा चिखल पायपुसण्यावर पुसावा तसा पाय मागे ओढा, ही ठरलेली उपमा दिली. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ, वाडी भागातल्या एक काकू मात्र म्हणाल्या, "जात्याचा खुंटा फिरवतो तसं फिरवा, नुसतं पुढे ढकललं तर पीठ एकाच बाजूला पडतं." गोल फेऱ्याच्या चारही बाजूंना बळ सारखे लावणे ही कल्पना याहून नेमकी मी ऐकलेली नाही. अर्थात पंचविशीतल्या मुलींनी जाते पाहिलेले असेलच असे नाही. सूचना समोरच्याच्या अनुभवातली हवी, हा धडा त्यातूनच निघाला.

सूचनेची वेळ हा दुसरा भाग. बदल व्हायच्या आठ ठोके आधी काय होणार ते सांगायचे, शेवटच्या चार ठोक्यांना उलटे मोजायचे आणि मग बदल. माझे मामा लहानपणी बडोद्यातल्याच प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात. कवायतीतला हुकूम कसा द्यायचा हे ते आम्हा भावंडांना अंगणात रांगेत उभे करून शिकवत: आधी लांबवलेला इशारा, मग क्षणभर शांतता, मग तुटक हुकूम. मधली शांतता खाल्ली तर रांग मोडते, असे ते म्हणत. या शहरात हे शास्त्र नवे नाही, एवढेच त्या सत्रात माझ्या मनात आले. बाई त्याच शांततेबद्दल बोलत होत्या. गाण्याचे शब्द चालू असताना बोलू नका, दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत बोला. आणि एका गाण्यात निदान एकदा बत्तीस ठोके काहीच बोलू नका, त्या वेळात वर्गाकडे पाहा.

आता त्या चार मिनिटांकडे येते. परीक्षा अशी होती: प्रत्येकाने एक गाणे निवडायचे, वर्ग घ्यायचा, दोघांपैकी एका परीक्षकाने दोन मिनिटे अभिप्राय द्यायचा, आणि पुढचा उमेदवार. गुणपत्रिकेत वीस मुद्दे होते, त्यांपैकी नऊ उमेदवाराच्या स्वतःच्या सादरीकरणाचे: हास्य, ऊर्जा, पोशाख, गाण्याशी एकरूपता. उमेदवाराने समोरच्या दहा जणांपैकी किती जणांच्या चुका पाहिल्या आणि किती सुधारल्या, याला एकच मुद्दा. तीन दिवस 'उतरा आणि पाहा' असे सांगितल्यानंतर परीक्षेत जो उतरला त्याला 'ऊर्जा' या मुद्द्यात गुण कमी मिळाले. मी उतरले होते. हे गुणांच्या रागातून लिहीत नाही, उत्तीर्ण झाले आहे. पण जे शिकवले तेच तपासायचे, हा मूल्यमापनाचा पहिला पाठ आहे.

आणि बडोद्यात तर हे घडायलाच नको होते. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या गटाला काही मिनिटांचा पाठ देऊन, अभिप्राय घेऊन तोच पाठ पुन्हा देण्याची पद्धत, १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली खरी, पण भारतात तिच्यावरचे संशोधन आणि तिचा प्रसार यांत आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्राचा १९७० च्या दशकात मोठा वाटा होता. भारतात रुळलेले तिचे चक्र ३६ मिनिटांचे: सहा मिनिटे शिकवणे, सहा मिनिटे अभिप्राय, बारा मिनिटे पुन्हा आखणी, सहा मिनिटे तोच पाठ पुन्हा शिकवणे आणि सहा मिनिटे पुन्हा अभिप्राय. सगळा जीव त्या 'पुन्हा'त आहे. चूक कळणे आणि चूक सुधारणे यांत जे अंतर असते ते दुसऱ्या प्रयत्नाशिवाय कापले जात नाही. आयोजकांना मी हे सुचवले तेव्हा वेळ नाही असे उत्तर मिळाले. हिशोब करून पाहा: अकरा जणांची ३९६ मिनिटे होतात, शिकवणारे दोघे आहेत, म्हणून दोन गट करा, म्हणजे सहा जणांच्या मोठ्या गटाला सुमारे साडेतीन तास. पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटी बाईंनी आणि तरुण प्रशिक्षकाने स्वतः घेतलेले, आम्ही फक्त घाम गाळलेले दोन प्रदर्शनीय वर्ग मिळून अडीच तासांचे होते. त्यांतला एक आणि ते तीन प्रकारांच्या शिकणाऱ्यांचे चित्र काढले, तरी दोन तास मोकळे होतात, आणि परीक्षेला लागलेला तासभर त्यात मिळवला की बहुतेक वेळ निघतो.

सुरक्षिततेबद्दलही एक उणीव नोंदवते. पहिल्यांदाच वर्गाला आलेल्या, अन्यथा तंदुरुस्त असलेल्या माणसांना एकाच जोरकस वर्गानंतर ऱ्हॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरण्याचा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मूत्रपिंडांना त्यातून इजा होऊ शकते. मांड्या असह्य दुखणे आणि सुजणे, लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे ही लक्षणे दिसली की घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचे असते. यावर पाच मिनिटे दिली गेली आणि पडद्यावर एकच चित्र दाखवले गेले. नवख्याला पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांनंतर उतरायची मोकळीक द्यावी आणि ती सर्वांसमोर आधीच जाहीर करावी, म्हणजे त्याला लाज वाटत नाही, हे आम्ही चहाच्या वेळी आपापसांत ठरवले. ते व्यासपीठावरून यायला हवे होते. जूनच्या बडोद्यात, वातानुकूलन अर्धवट चालणाऱ्या खोलीत तर हवेच.

बाकी गोष्टी थोडक्यात. जेवण साधे आणि वेळेवर. पुस्तिका इंग्रजीत, छपाई फिकट. वाडीच्या काकूंना ती मी आणि आणखी एकीने मिळून मराठीत समजावली. लेखी परीक्षा चाळीस प्रश्नांची आणि न्याय्य. प्रमाणपत्र दोन वर्षांचे, पुढे नूतनीकरणाचे शुल्क वेगळे, आणि ही गोष्ट नोंदणीच्या वेळी सांगितलेली नव्हती. ज्यांनी कधीच वर्ग घेतला नाही त्यांनी या अभ्यासक्रमाला जरूर जावे; सायकल लावणे, वेग, ठोके आणि सूचना यांवरचे सत्र इतके चांगले मला दुसरीकडे मिळाले नसते. जे आधीच वर्ग घेतात आणि आपली चूक कोणीतरी पाहून दाखवावी अशी अपेक्षा करतात, त्यांनी ती अपेक्षा घरी ठेवून जावे.

आम्हा पाच जणांनी त्यावर आपला मार्ग काढला आहे. आमच्या जिमची खोली रविवारी दुपारी रिकामी असते. मालकांनी वीजबिलापुरते पैसे घेऊन ती आम्हाला दिली. दर रविवारी दोघे जण छत्तीस मिनिटांचे पूर्ण चक्र करतात आणि बाकीचे तिघे सायकलीवर बसून मुद्दाम चुका करतात: कोणी सीट खाली ठेवतो, कोणी लोड न लावता पाय उडवतो, कोणी खांदे कानाला लावून बसतो. गेल्या रविवारी काकूंची पाळी होती. पहिल्या सहा मिनिटांत त्या एकसारख्या बोलत राहिल्या आणि तीनपैकी एकच चूक त्यांच्या नजरेस पडली. बारा मिनिटे त्यांनी पाठटाचण खोडून पुन्हा लिहिले. दुसऱ्या खेपेला गाण्याच्या मध्यावर त्या सायकलीवरून उतरल्या, बत्तीस ठोके एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मग माझ्या खांद्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मुली, खांदे खाली."